लिंक्डइनवर सापडायचं कसं? कारखान्यात नोकरी शोधणाऱ्या नवख्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात आमच्या चाकणच्या प्लांटला एक क्वालिटी इंजिनिअर हवा होता. डिप्लोमा किंवा बीई, दोन-तीन वर्षांचा अनुभव, सीएमएमवर (पार्टची अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर) हात बसलेला आणि पीपॅपची (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांची) फाइल स्वतः उभी केलेली. एचआरची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, काय शोधू ते तुम्हीच सांगा." मी शब्द सांगितले, तिने लिंक्डइनच्या सर्चमध्ये टाकले: क्वालिटी, सीएमएम, पीपॅप, पुणे. यादी आली. चहा येईपर्यंत आम्ही पहिली दोन पानं चाळली, सात जणांना निरोप धाडले आणि त्यातल्याच एकाला घेतलं.

दोन महिन्यांनी कळलं की आमच्याकडे अ‍ॅप्रेंटिस म्हणून राहून गेलेला एक मुलगा त्याच दिवसांत नोकरी शोधत होता. कामाला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सीएमएम तर त्याला आम्हीच शिकवलं होतं. मग हा यादीत आला कसा नाही? प्रोफाइल उघडून पाहिलं. नावाखाली लिहिलं होतं, "नव्या संधीच्या शोधात असलेला मेहनती व होतकरू मेकॅनिकल इंजिनिअर". अख्ख्या प्रोफाइलमध्ये सीएमएम हा शब्द कुठेच नव्हता. आम्ही काही "होतकरू" असं टाइप करून शोधत नाही.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही कारखान्यात काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. मी सोशल मीडियाचा जाणकार नाही. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून आम्ही काय बघतो, तेवढंच मला ठाऊक आहे, आणि तेच सांगतो.

पायरी १: आधी कागद घ्या, फोन नंतर

एका कागदावर वीस कंपन्यांची नावं लिहा, जिथे तुम्हाला खरोखर काम करायला आवडेल आणि जिथे तुमच्यासारख्यांना घेतात. बारामतीचा मुलगा पुण्यातल्या वीस कंपन्या लिहील, तर कोल्हापूरची मुलगी कागल-शिरोलीच्या फाउंड्र्या लिहील. मग प्रत्येक नावापुढे लिहा: तिथे माझं काम कोण बघेल? क्वालिटी हेड? टूल रूमचा इन्चार्ज? मेंटेनन्सचा मॅनेजर? जे काही तुम्ही लिहाल, टाकाल, ते या चाळीस-पन्नास माणसांसाठी. बाकी दुनियेने नाही बघितलं तरी आपलं काही अडत नाही.

कुठल्या अ‍ॅपवर जायचं, याचं उत्तर या कागदातूनच निघतं. आमच्या धंद्यातली माणसं लिंक्डइनवर आहेत, म्हणून मी लिंक्डइनबद्दल बोलतोय. ही साइट २००३ मध्ये सुरू झाली, २०१६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि मुळात ती नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीच बनलेली आहे. तुम्ही प्रोग्रॅमिंग करत असाल तर तुमचा कोड गिटहबवर दिसला पाहिजे. ग्राफिक डिझाइन करत असाल तर बिहान्स किंवा इन्स्टाग्राम. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आणि फिटर मंडळींच्या नोकऱ्या आजही जास्त करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि गेटवरच्या बोर्डवर फिरतात. त्यांनी लिंक्डइनवर रात्री जागवायची गरज नाही. एक जागा निवडा आणि तिथेच नीट राहा. पाच ठिकाणी अर्धवट खाती म्हणजे पाच ठिकाणी बंद दुकान.

पायरी २: प्रोफाइल, जिथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा

सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन, प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवायचा पर्याय बंद करा. नाहीतर तुम्ही शब्द बदलत बसाल आणि तिकडे तुमच्या सध्याच्या साहेबाला कळेल की पोराची आवराआवर चालू झाली.

फोटोबद्दल फार बोलत नाही. चेहरा स्वच्छ दिसावा, मागे भिंत असावी, गॉगल नको, लग्नातला फेटा नको. मित्राकडून सावलीत उभं राहून काढून घ्या. स्टुडिओत जायची गरज नाही.

नावाखालची ओळ, जिला हेडलाइन म्हणतात, ती महत्त्वाची. २२० अक्षरं मिळतात. सर्चच्या यादीत आम्हाला फक्त फोटो, नाव, ही ओळ आणि गाव दिसतं. छोट्या-मध्यम कंपन्या रिक्रूटरसाठीचं पैसे भरून मिळणारं साधन घेत नाहीत, साध्या सर्चवर भागवतात. म्हणजे ही ओळ हाच तुमचा अर्धा बायोडेटा. वर सांगितलेल्या मुलाची ओळ आम्ही दोघांनी बसून बदलली: "क्वालिटी इंजिनिअर | सीएमएम, पीपॅप, एमएसए, एसपीसी | अ‍ॅल्युमिनियम मशीन्ड पार्ट्स | ३ वर्षं, पुणे". (एमएसए म्हणजे मोजण्याच्या पद्धतीची तपासणी, एसपीसी म्हणजे आकडेवारीने प्रक्रियेवर ठेवलेलं नियंत्रण.) त्यात विशेषण एकही नाही. कुठलं काम, कुठल्या साधनांनी, कुठल्या मालावर आणि किती वर्षं, एवढंच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंक्डइनचा पडदा २०२४ पासून मराठीतही ठेवता येतो, आणि ज्याला इंग्रजी मेनूची धास्ती वाटते त्याने तो जरूर ठेवावा. पण शोधणारा इंग्रजीत टाइप करतो. म्हणून प्रोफाइलमधले कामाचे शब्द इंग्रजीतच लिहा. मी उदाहरणं मराठीत देतोय ती समजण्यापुरती.

मग येतो स्वतःबद्दलचा परिच्छेद. जागा २६०० अक्षरांची आहे, पण उघडल्या उघडल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बटण दाबावं लागतं. बटण दाबण्याइतका वेळ दर दहांतल्या एखाद्यालाच देतो मी, खोटं कशाला बोलू? त्यामुळे "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" हे नको. पहिल्या ओळीतच सांगा की रोज सकाळी कामावर गेल्यावर तुम्ही काय करता. "पहिल्या शिफ्टला सहा मशीनचं फर्स्ट पीस अप्रूव्हल देतो, कस्टमर कम्प्लेंट आली की एट-डी लिहितो, महिन्याला साधारण चार गेजचं गेज आरअँडआर करतो." (फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणजे पहिल्या नगाला मंजुरी, एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ आठ टप्प्यांत शोधणारा अहवाल, गेज आरअँडआर म्हणजे गेज आणि मोजणारा किती भरवशाचे याची चाचणी.) हे वाचलं की मला माणूस दिसतो. याला लाइनवर उभा केला तर पहिल्या दिवशी काय करेल, तेही दिसतं.

अनुभवाच्या भागात प्रत्येक नोकरीखाली तीन-चार ओळी पुरेत, पण त्यांत आकडा हवा. फक्त कंपनीचे आतले आकडे चव्हाट्यावर आणायचे नाहीत. "अमुक ग्राहकाच्या पार्टचं रिजेक्शन इतके पीपीएम होतं" (पीपीएम म्हणजे दहा लाखांमागे नग) असं लिहिणारा उद्या आमचंही लिहील, ही भीती मला वाटते. प्रमाण सांगा: "बरमुळे (कडेला राहिलेल्या धातूच्या काट्यांमुळे) होणारं रिवर्क चार महिन्यांत निम्म्यावर आणलं." काम कळतं आणि गुपितही फुटत नाही.

आता एक अवघड जागा, जिच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडे बरीच पोरं कॉन्ट्रॅक्टवर असतात. गेटच्या आत काम मोठ्या कंपनीत, पगार ठेकेदाराच्या नावाने. मग प्रोफाइलवर काय लिहायचं? बहुतेक जण सरळ मोठ्या कंपनीचं नाव टाकतात. पुढे कुठे निवड झाली की पार्श्वभूमीची तपासणी होते, पीएफचा यूएएन नंबर मागतात आणि तिथे ठेकेदाराचं नाव निघतं. मग उमेदवार खोटा ठरतो, खरं काम केलेलं असूनही. माझ्यासमोर हे दोनदा झालं आहे, आणि दोन्ही मुलं कामाला चांगली होती. म्हणून कंपनीच्या जागी ठेकेदाराचं नाव लिहा आणि खालच्या ओळीत "नेमणूक: अमुक कंपनीचा चाकण प्लांट" असं स्पष्ट लिहा. यात लाज कसली? कॉन्ट्रॅक्टवर राहून सीएमएम चालवलेला मुलगा आम्हाला चालतो. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या तारखाही सर्टिफिकेटवर आहेत त्याच टाका, महिनाभर इकडेतिकडे करू नका.

उरलेली किरकोळ कामं झटपट उरका. प्रोफाइलच्या पत्त्यात नावापुढे आकड्यांचं शेपूट असतं, ते सेटिंग्जमधून काढून टाका, म्हणजे बायोडेटावर छापता येतो. ईमेल नावाचाच ठेवा. कॉलेजात काढलेला "किलरबॉय" आता निवृत्त करा. मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. डिजिलॉकरमधल्या आधारवरून ओळख पडताळून घ्यायची सोय आहे, ती करा.

राहिलं ते नोकरी शोधत असल्याची खूण लावणं. याचे दोन प्रकार आहेत. एक सगळ्यांना दिसणारा: फोटोभोवती हिरवं कडं येतं. दुसरा फक्त रिक्रूटरना दिसणारा. सध्या नोकरीत असाल तर दुसराच वापरा. त्यातही तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात. नोकरी सुटलेली असेल तर हिरवं कडं बिनधास्त लावा. ते लावलं म्हणजे माणूस गरजू दिसतो, पडेल किमतीत मिळतो, असं काही जण सांगतात. पगार ठरवताना मी आजवर कड्याचा रंग पाहिलेला नाही. त्याच पानावर तुम्हाला चालतील ती शहरं निवडता येतात. कराडला राहून पुण्यात नोकरी हवी असेल तर तिथे पुणे टाका.

पायरी ३: पहिली पन्नास माणसं

ओळखी वाढवायच्या म्हटलं की मुलं दिसेल त्याला विनंती पाठवत सुटतात. अमेरिकेतला कुणी सीईओ, दिल्लीतली कुणी करिअर कोच. हे सगळं नंतर. सर्चच्या यादीत ओळखीचा धागा असलेली माणसं वर येतात आणि ओळखीतल्या ओळखी दिसतातही. म्हणजे माझ्या ओळखीचे तिघे तुमच्या ओळखीत असतील, तर मी त्यातल्या एकाला फोन लावून विचारतो, "पोरगं कसं आहे रे?" खरी निवड या फोनवर होते. म्हणून पहिली पन्नास माणसं अशी हवीत, ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय. वर्गातली मुलं, दोन वर्षं पुढे असलेले सीनियर, वर्कशॉपचे सर, अ‍ॅप्रेंटिसशिपमधले सुपरवायझर, व्हेंडरकडचा क्वालिटीवाला, ऑडिटला आलेले मॅडम.

यानंतर कागदावरच्या वीस कंपन्यांमधली माणसं. त्यांना विनंतीसोबत चिठ्ठी लिहा. फुकटच्या खात्यात महिन्याला मोजक्याच चिठ्ठ्या जोडता येतात आणि जागाही दोनशे-एक अक्षरांचीच असते, म्हणून त्या जपून वापरा. मला येणाऱ्या दहांपैकी सात चिठ्ठ्या "हाय सर" एवढ्याच असतात. दोनांत "सर प्लीज जॉब असेल तर सांगा". या सगळ्यांना उत्तर द्यायचं मनात असतं, पण देणार काय? "हाय" ला मी काय म्हणू?

मागे एक चिठ्ठी आली होती, ती अजून लक्षात आहे. "सर, मी भोसरीत डाय कास्टिंगमध्ये क्वालिटीला आहे. पोरोसिटीसाठी लीक टेस्ट आणि एक्स-रे यांत तुम्ही कधी काय निवडता, तुमचा अनुभव विचारायचा होता." (पोरोसिटी म्हणजे ओतीव धातूत राहिलेली बारीक छिद्रं.) नोकरीचा एक शब्द नाही. मी त्या रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर अर्धं पान उत्तर लिहिलं. का? कारण प्रश्न माझ्या कामाचा होता आणि विचारणाऱ्याला काम कळतं हे एका ओळीत दिसत होतं. पाच महिन्यांनी त्याने विचारलं, "सर, तुमच्याकडे जागा निघाली तर कळवाल का?" तोवर तो मला परका राहिला नव्हता.

चिठ्ठी मराठीत की इंग्रजीत? समोरचा मराठी असेल तर सरळ मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीतल्या "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम रायटिंग टू युअर गुड सेल्फ" पेक्षा चार ओळींचं साधं मराठी केव्हाही बरं. फक्त सर किंवा मॅडम म्हणा. पहिल्याच निरोपात दादा-ताई नको आणि एकेरी तर नकोच. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. प्रश्नचिन्हांची माळ पाठवू नका.

पायरी ४: लिहिण्याआधी दुसऱ्यांच्या पोस्टखाली बसा

पहिला महिनाभर स्वतःची पोस्ट टाकू नका. इतरांच्या पोस्टखाली प्रतिक्रिया लिहा. आठवड्याला तीन पुरे, पण कामाच्या. "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सर" लिहिलं काय आणि न लिहिलं काय. कुणी गेज कॅलिब्रेशनबद्दल लिहिलं असेल, तर "आमच्याकडे प्लग गेजची गो बाजू आधी झिजते, म्हणून आम्ही तिची तपासणी जास्त वेळा ठेवली" एवढं लिहा (गो बाजू म्हणजे भोकात जायलाच हवी ती). तुमची प्रतिक्रिया त्या माणसाच्या ओळखीतल्या लोकांना दिसते, आणि ती सगळी याच धंद्यातली असतात. स्वतःची पोस्ट चाळीस जण बघतील, तीही आपलीच मित्रमंडळी. मोठ्या माणसाच्या पोस्टखालची चांगली प्रतिक्रिया मात्र नेमक्या माणसांच्या नजरेला पडते.

आणि हेही ध्यानात असू द्या की तुम्ही कशाला लाइक दिलंत, कुठे काय लिहिलंत, हे प्रोफाइलवर अ‍ॅक्टिव्हिटीच्या खाली दिसतं. मी तिथे बघतोच. जुन्या कंपनीला शिव्या घालणाऱ्या पोस्टखाली "एकदम बरोबर, आमच्याकडेही हेच" असं लिहिलेलं सापडलं, की पुढचा माणूस सावध होतो. राजकारण आणि जातीपातीवरचे वादही तसेच. तुमची मतं तुमच्यापाशी, पण मुलाखतीआधी ती समोरच्याच्या टेबलावर येऊन बसलेली असतात.

पायरी ५: पहिली पोस्ट

विषय सुचत नाही, असं सगळे म्हणतात. कामावर या आठवड्यात तुम्ही कशात फसलात, तो विषय. एक नमुना सविस्तर दाखवतो.

समजा तुमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट आहे, १०० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक), टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एच-७, म्हणजे शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मशीनवरून उतरल्या उतरल्या ऑपरेटरने बोअर गेजने मोजला, ओके आला. तोच पार्ट तासाभराने सीएमएमच्या खोलीत अंडरसाइझ, म्हणजे मापापेक्षा लहान. ऑपरेटर म्हणतो सीएमएम चुकतंय, सीएमएमवाला म्हणतो ऑपरेटर चुकतोय. खरी भानगड तापमानाची. माप नेहमी २० अंश सेल्सिअसला धरायचं असतं. मशीनवरून उतरलेला पार्ट ३५ अंशांवर असेल, तर १५ अंशांचा फरक पडला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरला १५ अंशांत ३४.५ मायक्रॉन. जवळपास सगळा टॉलरन्स उष्णतेनेच खाल्ला! गरम असताना मधोमध दिसणारा बोअर थंड झाल्यावर खाली जाणारच.

हे एवढंच लिहायचं: काय दिसलं, आम्हाला आधी काय वाटलं, हिशोब काय निघाला, मग आम्ही काय बदललं. उदाहरणार्थ, पार्ट मोजण्याआधी तेवढा वेळ थंड होऊ देण्यासाठी रॅक ठेवला. दहा-बारा ओळी. पोस्टला ३००० अक्षरांची मुभा आहे, पण सगळी संपवायची नसतात. "माझ्या अपयशाने मला काय शिकवलं" असला शेवट जोडू नका. शेवटी विचारा, "तुमच्याकडे पार्ट किती वेळ थांबवता?" खाली उत्तरं येतात, आणि कधी कधी तुमच्या कागदावरच्या कंपनीतूनच येतात.

अशा पोस्टने मला कळतं की या मुलाला मापाचा अर्थ कळतो. पाच सर्टिफिकेटांचे फोटो टाकून ते कळत नाही. दोन तासांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रत्येक सर्टिफिकेट "थ्रिल्ड टू अनाउन्स" म्हणत टाकणाऱ्यांची मला खरं तर दया येते. त्यांना कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट केलंत ना? मग त्यात कुठला प्रोजेक्ट केलात ते लिहा. क्वालिटी सर्कल किंवा कायझेनच्या स्पर्धेत टीमने बक्षीस मिळवलं असेल, तर ट्रॉफीच्या फोटोखाली प्रश्न काय होता तेही दोन ओळींत लिहा. आणि एआयला सांगून पोस्ट लिहून घेत असाल, तर निदान भाषा तपासायला घ्या, मजकूर तुमचाच असू द्या. ओळीओळीला रॉकेटचं चित्र आणि "आजच्या वेगवान युगात" दिसलं की माझा अंगठा आपोआप वर सरकतो.

महिन्याला दोन पोस्ट खूप झाल्या.

पायरी ६: फोटो टाकण्याआधी मागे बघा

हे मी स्वतः पोळून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कंपनीत असताना, आम्ही एक नवं चेकिंग फिक्स्चर (पार्ट बसवून माप तपासायचा साचा) बसवलं. टीमने चार महिने घाम गाळला होता, म्हणून सगळ्यांना उभं करून फोटो काढला आणि हौसेने टाकला. संध्याकाळपर्यंत दीडशे लाइक. सकाळी एचआरचं बोलावणं. फोटोत आमच्या मागे टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग पसरलेलं होतं. मोठं करून बघितलं तर पार्ट नंबर वाचता येत होता, आणि तो पार्ट अजून बाजारात न आलेल्या गाडीचा होता. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार होता. पोस्ट काढली, लेखी खुलासा दिला, टीममधल्या एकाचंही नाव त्यात येऊ नये म्हणून सगळं अंगावर घेतलं. नोकरी वाचली, पण त्या वर्षीची बढती गेली.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे: शॉप फ्लोअरवरचा कुठलाही फोटो साहेबाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. पार्ट, ड्रॉइंग, मशीनचा स्क्रीन, डिस्प्ले बोर्डवरचे आकडे, ग्राहकाचं नाव, ट्रॉलीवरचा टॅग, काहीही नाही. बऱ्याच प्लांटमध्ये तर गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, त्याला कारण असतं. समजावण्यासाठी चित्र हवंच असेल तर कागदावर हाताने काढा आणि त्याचा फोटो टाका. हाताने काढलेलं स्केच मला तरी छापील स्लाइडपेक्षा जास्त आवडतं.

पायरी ७: अर्ज आणि फसवणूक

जाहिरात दिसली की एका बटणात अर्ज जातो, म्हणून मुलं दिवसाला चाळीस ठिकाणी अर्ज करतात. आमच्याकडे अशा एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, आणि एचआर पहिले काही बघून थांबते. म्हणून जाहिरात ताजी असतानाच अर्ज करा, शक्य असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. मग तुमच्या ओळखीत त्या कंपनीतलं कुणी आहे का ते बघा आणि त्याला दोन ओळींत कळवा: अमुक जागेसाठी अर्ज केलाय, माझं काम या-या प्रकारचं आहे. पायरी तीन आधी केली असेल तरच इथे उपयोग होतो. ज्याला कधी नमस्कारही केला नाही, त्याला आज एकदम "रेफर करा" म्हटलं तर कोण करेल?

फसवणुकीचं मात्र मनावर घ्या. मुलाखतीसाठी, "सिक्युरिटी डिपॉझिट" म्हणून, लॅपटॉपसाठी, गेटपाससाठी कुणी पैसे मागितले तर ती नोकरी नाही. मोठ्या कंपनीचं नाव आणि ईमेल मात्र फुकटच्या जीमेलवरून. मुलाखत नाही आणि लगेच ऑफर लेटर. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर या म्हणून घाई. घरबसल्या लाइक करून पैसे मिळवा. हे सगळे एकाच माळेचे मणी. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर मुलांना डांबल्याची प्रकरणं घडली आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. आखातात जायचं असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे गेलेच, तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ८: वेळ बांधून घ्या, आणि स्क्रीनबाहेर पडा

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी आणि बुधवारी रात्री बघतो. बाकी वेळ अ‍ॅपच्या सूचना बंद. बॅचमेटचं पॅकेज, कुणाचं जर्मनीला जाणं, कुणाची "ड्रीम कंपनी" रोज रोज बघितली की आपलं काहीच धड चाललेलं नाही असं वाटायला लागतं. आणि हे पाहण्यात गेलेल्या रात्री एमएसएचं मॅन्युअल वाचायला मिळत नाहीत.

ओळख झाली की ती फोनवर न्या, मग प्रत्यक्षात. बंगळुरूला जानेवारीत इमटेक्सचं, म्हणजे मशीन टूल्सचं, प्रदर्शन भरतं. आमच्या लाइनीतला अर्धा महाराष्ट्र तिथे फिरत असतो. जाणार असाल तर आठवडाभर आधी पाच जणांना कळवा, "सर, मी अमुक दिवशी आहे, दहा मिनिटं भेटू शकू का?" दोघे तरी हो म्हणतात. तेवढं लांब जमत नसेल तर रविवारी चिंचवडला चहा. माझ्या हाताखालच्या दोघांना मी अशाच चहावर पहिल्यांदा भेटलो.

नोकरी लागली की मदत केलेल्यांना वेगवेगळे निरोप लिहा, एकच मजकूर सगळ्यांना ढकलू नका. कुणी बायोडेटा पुढे पाठवला असेल, कुणी फक्त कंपनीची बस कुठून सुटते ते सांगितलं असेल. दोघांनाही कळवा.

आणि रुजू झाल्यावर ते हिरवं कडं तेवढं काढा. आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी लागलेल्या एकाच्या फोटोभोवती ते अजून चमकतंय, आणि त्याचा साहेब ते रोज बघतो.